बेदाणा घेणार कोण?

ताई, नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातली. बीए मराठी करून पुण्यात मार्केटिंग कम्युनिकेशनच्या पदव्युत्तर कोर्सला आले. दुसरं सत्र चालू आहे. बाबांनी त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढलंय. ‘कॅम्पेन प्लॅनिंग’च्या पेपरासाठी आमच्या पाच जणांच्या गटाला क्लायंट म्हणून आमच्याच भागातली एक शेतकरी उत्पादक कंपनी मिळाली. तिला पुण्यात पाकीटबंद बेदाणा विकायचाय, बजेट १० लाख. आम्ही ४८ स्लाइड केल्या. टॅगलाइन, तीन रील, एक इन्फ्लुएन्सर, सगळं आलं. सरांनी पाहिलं आणि विचारलं, “छान. पण प्लॅन कुठाय?” कुणालाच उत्तर देता आलं नाही. गटात माझं काम काय, तर सगळ्या स्लाइडचे फॉन्ट सारखे करणं, कारण माझं इंग्रजी अडखळतं. मी बोलायला लागले की एक मुलगा हसतो. प्लॅन म्हणजे नक्की काय, हे मलाही खरंच कळलेलं नाही. कोर्स सोडून बीएड करू का? आणि चुलतभाऊ पुढच्या वर्षी याच लायनीत यायचं म्हणतोय, त्याला काय सांगू?

नाव छापू नका. स्लाइड सोबत पाठवल्यात.

— बेदाणावाली (वर्गात मला हेच म्हणतात)

प्रिय बेदाणावाली,

बीएडचं आधी संपवते. शिकवायची ओढ असेल तर खुशाल कर. पण सरांच्या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही म्हणून जाणार असशील, तर तिथे पहिल्याच आठवड्यात पाठ टाचण काढायला बसवतील आणि तिथेही हेच विचारतील, की समोर कोण बसलंय. तेव्हा थांब. कर्जाचे पैसे गेलेलेच आहेत, निदान उत्तर तरी घेऊन जा.

तुमच्या सरांचा प्रश्न मला एका तेल कारखानदाराने विचारला होता. मी एजन्सीत नवी, बार्शीहून मुंबईला येऊन वर्ष झालेलं. केसांच्या तेलाची जाहिरात होती. आम्ही खूप मोठं प्रेझेंटेशन नेलं होतं. सत्तरीचे गृहस्थ, धोतर, पायात पुणेरी जोडा. शेवटपर्यंत शांत बसले आणि म्हणाले, “बाई, हे सगळं बरोबर असेल. पण तेल घेणार कोण?” मी म्हटलं, पंचवीस ते चाळीस वयोगटातल्या शहरी गृहिणी. ते म्हणाले, “त्यातल्या एकीला घेऊन या.” काम गेलं. पण जाताना त्यांनी एक उपकार केला. त्यांच्या ओळखीच्या एका किराणा दुकानात मला दोन तास उभं राहू दिलं. त्या दोन तासांत तेल घेणारी माणसं बरीच आली, पण तेलाचं नाव उच्चारणारी बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची म्हणत होती, “नेहमीचं द्या.” आणि नेहमीचं म्हणजे कुठलं, हे ठरवत होता दुकानदार. आमच्या अख्ख्या प्रेझेंटेशनमध्ये दुकानदार हा शब्द एकदाही नव्हता.

तुझ्या ४८ स्लाइड मी पाहिल्या. सहावी स्लाइड म्हणते : वय १८ ते ४५, आरोग्याबाबत जागरूक, एनसीसीएस (म्हणजे ग्राहक घरांची प्रतवारी) ए आणि बी. बेदाणावाली, यात तुझी मावशी बसते, तुझा हसणारा वर्गमित्र बसतो, मी नुकतीच बाहेर पडले. अठरा वर्षांचा हॉस्टेलवरचा मुलगा आणि पंचेचाळीस वर्षांची दोन मुलांची आई एकाच वाक्यात राहू शकतात, एका स्वयंपाकघरात नाही.

आता आलंच आहे म्हणून एनसीसीएसबद्दल एक सांगते. तुम्ही ते अक्षर कुठूनतरी उचललंय, आत काय आहे ते पाहिलं नाहीये. घराची प्रतवारी त्यात दोन गोष्टींवरून ठरते : घरातला मुख्य कमावता किती शिकलाय आणि ठरलेल्या ११ गोष्टींपैकी किती घरात आहेत. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, मोटार, एसी आणि अकरावी, शेतजमीन. हो, शेतजमीन. आज रात्री तुमच्या तासगावच्या घराची गणती कर. मग ‘ए म्हणजे कोरेगाव पार्कातली श्रीमंत घरं’ असं गटात जे कुणी म्हणत असेल, त्याला तो कागद दाखव.

तर प्लॅन म्हणजे काय? १९६८ साली लंडनमध्ये जे. वॉल्टर थॉम्सनमधले स्टीफन किंग आणि बीएमपीचे स्टॅनली पॉलिट यांनी, दोघांनी आपापल्या एजन्सीत, एक नवीन खुर्ची ठेवली. क्लायंटचं म्हणणं मांडायला एक माणूस होता, जाहिरात रचणारे होते, पण जी बाई ती वस्तू विकत घेते तिच्या वतीने बोलायला खोलीत कुणी नव्हतं. ती खुर्ची म्हणजे अकाउंट प्लॅनर. तिने काय ठरवायचं? आपण कुणाशी बोलायचं, तिच्या मनात आज काय आहे, तिथे काय बदलायला हवं, आणि कुणाकुणाशी बोलायचं नाही. हे शेवटचं तुमच्या स्लाइडमध्ये कुठेच नाही. तुम्ही काहीच सोडलेलं नाही. काही सोडलं नसेल तर काही ठरवलेलंही नसतं. सर तेच शोधत होते.

एक गणित करू. आकडे माझे, उदाहरणापुरते; खरे तुम्ही कंपनीकडून घ्या. पाव किलोचं पाकीट. माल, पॅकिंग, वाहतूक, दुकानदाराचा वाटा सगळं वजा जाता कंपनीच्या हाती पाकिटामागे ४० रुपये राहतात असं धरू. जाहिरातीचे १० लाख नुसते भरून निघायला २५,००० पाकिटं खपायला हवीत. एका घराने हंगामात दोन घेतली तर १२,५०० घरं. म्हणजे तुमच्याकडे एका घरामागे ८० रुपये आहेत. आता पुढे बघ : २५,००० पाकिटं म्हणजे सव्वासहा टन बेदाणा, आणि किलोभर बेदाण्याला साधारण चार किलो द्राक्षं धरली तर २५ टन द्राक्षं. ती किती एकरांत येतात हे मला विचारू नकोस, तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. गटातल्या बाकी चौघांना माहीत नाही.

हे गणित एकदा मांडलं की निम्म्या स्लाइड आपोआप गळून पडतात. तुम्हाला पुणं नको आहे, पुण्यातली साडेबारा हजार घरं हवी आहेत. वर्तमानपत्राच्या सबंध शहराच्या आवृत्तीतली मोठी जाहिरात कशाला? रीलला दहा लाख व्ह्यू आले आणि त्यातले नऊ लाख पुण्याबाहेरचे असले, तर ते पैसे तुम्ही इंदूरच्या करमणुकीवर खर्च केले. वर्गात जीआरपी शिकवलं असेलच, किती टक्के लोकांपर्यंत पोचलो गुणिले सरासरी किती वेळा. ४० टक्के लोकांना तीनदा दिसलं की १२०. परीक्षेत ते लिही. पण १२० हा आकडा ८० टक्के लोकांना दीडदा दाखवूनही येतो. यातलं कुठलं हवं, हे सूत्र सांगत नाही. तो निर्णय, आणि तोच प्लॅन.

आता त्या घरात शिरू. इथे तू एकटी जे सांगू शकतेस ते मला हवंय. तुमच्या स्लाइडमध्ये सगळीकडे लिहिलंय, ‘रोज मूठभर बेदाणे’. पुण्यातल्या किती घरांत कुणी रोज मूठभर बेदाणे खातं? मला दिसतं ते असं : बेदाणा आणला जातो पन्नास-शंभर ग्रॅम, शिऱ्यासाठी, खिरीसाठी, सत्यनारायणाच्या प्रसादासाठी, आणि रव्याच्या लाडवावर एकेक दाबून बसवायला. उरलेला डब्यात जातो आणि पुढच्या सणाला चिकट होऊन सापडतो. रात्री भिजत घालून सकाळी खायचे ते काळे मनुके, पोट साफ व्हायला, बहुतेक घरात आजी किंवा आजोबांसाठी. म्हणजे त्याच घरात, कदाचित त्याच फळीवर, मनुका हे औषध आहे आणि बेदाणा ही सजावट. दोन्ही द्राक्षंच. दुकानात जाऊन तर कुणी किसमिस मागेल, कुणी मनुके, आणि तुमच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलंय ‘बेदाणा’. तासगावच्या सौद्यात तो शब्द चालतो. गल्ल्यावर कुठला चालतो ते तुमच्यापैकी कुणी ऐकून आलंय का?

मग प्रश्न असा उभा राहतो : सजावटीला औषध करायचं की जास्त घरांच्या लाडवावर पोचायचं? तुमच्या गटाने पहिलं धरलं, न ठरवताच. मी दुसरं धरेन. सवय बदलायला वर्षं लागतात आणि ८० रुपयांत एका घराची सवय बदलत नाही. शिवाय ऑस्ट्रेलियातल्या एहरेनबर्ग-बास इन्स्टिट्यूटचे बायरन शार्प आणि त्यांची मंडळी बरीच वर्षं आकडेवारी मांडून सांगताहेत की ब्रँड वाढतो तो मुख्यतः घेणारी घरं वाढल्याने, त्यातही क्वचित घेणाऱ्या घरांमुळे. आहेत त्याच घरांना जास्त खायला लावून फारसा नाही. तुमच्या सरांचं मत वेगळं असू शकतं. असलं तर वाद घाल, गुण कमी करणार नाहीत. आणि केले तरी वाद घातल्याचे असतील, गप्प बसल्याचे नसतील.

किमतीचं काय, हाही प्रश्न येणार. सुटा माल शेजारच्या बरणीत स्वस्त मिळत असताना हे पाकीट का घ्यावं? यासाठी एक जुनं उदाहरण अभ्यास. निरमा आली तेव्हा सर्फ फार महाग दिसायला लागला होता. सर्फची जाहिरात करणाऱ्या लिंटास एजन्सीने ‘आमचा जास्त पांढरा धुतो’ एवढंच ओरडत राहण्यापेक्षा ललिताजी उभी केली, कविता चौधरींनी केलेली, भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, पैशाला पैसा ओळखणारी बाई. ती काय सांगते? अर्धा किलो सर्फ एक किलो स्वस्त पावडरीच्या बरोबरीने पुरतो. महाग-स्वस्त हा वादच तिने किलोवरून धुण्यावर नेला. ही बाई आपल्याला आपल्या आईवरून सुचली, असं लिंटासचे अलिक पदमसी सांगत असत. श्रीमंत घरातली, तरी भाजीवाल्याशी भाव करणारी. संशोधन म्हणून त्यांनी आईलाच बाजारात पाहिलं होतं. तुझ्याकडे तर आई, मावशी, शेड, सौदा, शीतगृह आणि पुण्यातला पेइंग गेस्टचा किचनओटा इतकं सगळं आहे.

माध्यम निवडतानाही हाच नियम लाव. २०१३ च्या अलाहाबादच्या कुंभमेळ्यात लाइफबॉयने ढाब्यांवरच्या रोट्यांवर ‘लाइफबॉयने हात धुतलेत का’ असा हिंदीतला ठसा भाजून उमटवला. पंचवीस लाख रोट्या. हात धुवायची आठवण नेमकी कधी व्हायला हवी? घास मोडायच्या आधी. टीव्ही तिथे पोचत नाही, रोटी पोचते. आता मला सांग, बेदाण्याची आठवण नेमकी कधी व्हायला हवी? मला वाटतं, वाण्याला दिवाळीची यादी देताना. त्या यादीत रवा लिहिला की पुढे वेलदोडा, मग बेदाणा. तुमची जाहिरात त्या यादीच्या आसपास कुठे आहे? तुमच्या वेळापत्रकात लाँच एप्रिलमध्ये ठेवलाय, ‘नवीन माल तयार होतो म्हणून’. माल एप्रिलमध्ये तयार होतो, घेणारी बाई दिवाळीत घेते. मधले महिने तो शीतगृहात असतो आणि त्याचं भाडं चालू असतं. हे गटाला तूच सांगायला हवं होतंस. फॉन्ट सारखे करत बसलीस.

एकतीसाव्या स्लाइडवर मात्र मी चहा बाजूला ठेवला. ‘रक्तवाढीचा रामबाण उपाय’. ही ओळ उडव, आजच. खाण्याच्या पाकिटावर आजार बरा करण्याचा दावा करता येत नाही. जाहिरात क्षेत्राची स्वतःची आचारसंहिता पाहणारी एएससीआय १९८५ पासून आहे, तिच्याकडे कुणीही तक्रार करू शकतं. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय प्राधिकरण पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड लावू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. पहिला दंडच तुमच्या अख्ख्या बजेटएवढा आहे. तुमच्या त्या इन्फ्लुएन्सरलाही तो लागू शकतो, आणि पैसे घेऊन केलेली पोस्ट ‘जाहिरात’ म्हणून दाखवणंही त्याला बंधनकारक आहे. हे प्लॅनमध्ये एका ओळीत लिहा. क्लायंट शेतकरी आहेत, त्यांना कुणीतरी आधी सांगायला हवं. सांगली बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, ही खरी आणि सांगता येण्यासारखी गोष्ट हाताशी असताना रामबाण कशाला?

उद्दिष्टही असं लिहा की नंतर मोजता येईल. ‘जागरूकता वाढवणे’ हे उद्दिष्ट नव्हे, ती शुभेच्छा झाली. रसेल कोली यांनी १९६१ मध्येच हे सांगून ठेवलंय. तुमच्या नोट्समध्ये त्यांची ही पद्धत ‘डॅगमार’ म्हणून असेल, पाठ केलेलं, वापरलेलं नसेल. कोथरूड, वारजे, सिंहगड रोड या पट्ट्यात दिवाळीपर्यंत किती दुकानांत माल दिसेल, किती घरांत पहिलं पाकीट जाईल, हे आकड्यात. चुकला आकडा तरी चालेल. आकडा नसेल तर चूक कळणारही नाही.

आता इंग्रजी. मी गोड बोलणार नाही. एजन्सीतली प्रेझेंटेशनं इंग्रजीत होतात, वाचायचं बहुतेक सगळं इंग्रजीत आहे, ते तुला यायलाच हवं. सहा महिने रोज एक लेख वाच, त्याचा सारांश पाच इंग्रजी वाक्यांत लिही, व्याकरण चुकलं तरी लिही. त्याहून मोठा उपाय माझ्याकडे नाही, मीही हाच केला. पण विचार मराठीत कर आणि त्याची लाज बाळगू नकोस. टीव्हीवरच्या मराठी जाहिराती ऐकतेस ना? ‘माझी मदत करा’ म्हणतात त्यात. आपल्याकडे ‘मला मदत करा’ म्हणतात, हे त्या मुंबईतल्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं म्हणून ते प्रसारित झालं. बीए मराठी झालेली, द्राक्षबागेत वाढलेली आणि जीआरपी कळणारी मुलगी त्या खोलीत कमी पडते असं वाटतं तुला? थेट प्लॅनिंगमध्ये नवख्या मुलांना फारसं कुणी घेत नाही, हे मात्र धरून चाल. क्लायंट सर्व्हिसिंग, मीडिया किंवा रिसर्चमधून शिर, उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपलाच शिर.

चुलतभावाला सांग, नावं बरीच आहेत : अहमदाबादचं मायका, मुंबईचं झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स, पुण्यात सिम्बायोसिसचं एसआयएमसी, दिल्लीचं आयआयएमसी. माहितीपत्रकातले फोटो पाहू नकोस म्हणावं. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांना फोन करून दोनच प्रश्न विचार : खऱ्या क्लायंटचं काम वर्षात किती वेळा मिळालं, आणि प्रेझेंटेशन दिल्यावर कुणी झोडपलं का? झोडपणारे मास्तर असतील तिथे जा. फी सगळीकडे घेतातच.

राहता राहिला तो हसणारा मुलगा. त्याच्याशी भांडू नकोस, वेळ जातो. शनिवारी सकाळी मार्केट यार्डात भुसार बाजारात एक तास उभी राहा, दुपारी रविवार पेठेत, संध्याकाळी कोथरूडच्या एखाद्या वाण्याकडे. आधी दुकानदार काकांची परवानगी घे, मध्ये मध्ये करू नकोस, वहीत फक्त दोन रकाने : काय शब्दाने मागितलं, आणि किती घेतलं. जमलं तर एखाद्या मावशींना विचार, कशासाठी नेताय? सोमवारी गटात ती वही उघड आणि फॉन्टचं काम दुसऱ्या कुणाकडे दे. स्लाइड बाराच्या वर जाऊ देऊ नकोस.

आणि घरून येताना शेडमधला अर्धा किलो आण. ४८ स्लाइडमध्ये बेदाण्याची चव कशी आहे याबद्दल एक अक्षर नाही. मला दाट संशय आहे की तुझ्याशिवाय त्या गटात तो कुणी खाल्लेलाच नाही.

— ताई